चौथा भिडू

आमच्या माजघरातल्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर, बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात बिस्किटं शेवटची कधी होती, ते आता मलाही सांगता यायचं नाही. गेली कित्येक वर्षं त्यात पत्त्यांचा एक जोड, सहा कवड्या, पाच सागरगोटे, कॅरमची एक जादा राणी आणि पेन्सिलींचे चार तुकडे एवढाच ऐवज आहे. चोर आला तर डबा उघडून कपाळावर हात मारून घेईल. पण उद्या घर सोडून पळायची वेळ आली, तर मी दागिन्यांच्या आधी तो डबाच काखेत मारीन!

त्याचं कारण सांगायचं म्हणजे शनिवारची गोष्ट सांगायला हवी.

आम्ही साताऱ्याचे. मी छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आणि आमचे हे सरकारी कचेरीत होते. १९९५ साली आम्ही या घरात राहायला आलो. शेजारचे भाऊजी आणि वहिनी पहिल्याच शनिवारी रात्री ओळख करून घ्यायला म्हणून आले, ते साडेअकराला उठले. कारण ह्यांनी मध्येच सहज विचारलं होतं, "काय हो, मेंडीकोट येतो का?" तेव्हापासून शनिवार ठरून गेला. आमची मुलं मोठी झाली, लग्नं झाली, नोकऱ्या संपल्या, गुडघे दुखू लागले; शनिवार काही चुकला नाही.

मेंडीकोट माहीत नाही असं मराठी घर विरळाच. तरी नव्या सुनांसाठी आणि नव्या जावयांसाठी थोडक्यात सांगते. चौघं जण, समोरासमोरचे दोघं एकमेकांचे भिडू. बावन्न पानं, प्रत्येकाला तेरा. एकानं उतारी करायची, बाकीच्यांनी त्याच रंगाचं पान टाकायचं, सगळ्यांत मोठं पान तो हात उचलणार. ज्याच्याकडे पहिल्यांदा उतारीचा रंग नसेल, त्यानं टाकलेल्या पानाचा रंग तो हुकूम. आणि सगळी मारामारी दश्श्यांची. चारातल्या तीन दश्श्या ज्यांनी नेल्या ते जिंकले. दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात सात किंवा जास्त ते जिंकले. आणि चारी नेल्या तर कोट! कोट चढला की भाऊजी अशा थाटात टाळी मागायचे, की जणू अजिंक्यताराच सर केला आहे.

आमच्या जोडात किलवरची दश्शी मात्र घरची होती. एका पावसाळ्यात मूळची दश्शी चहाच्या कपात पडली आणि फुगून पार कामातून गेली. त्या रात्री खेळ थांबू नये म्हणून ह्यांनी एक जाड लग्नपत्रिका कात्रीनं बेतून तिच्यावर काळ्या शाईनं दहा किलवरं काढली. काढली बरी, पण पाठीवर पत्रिकेतल्या गणपतीची अर्धी सोंड राहून गेली. म्हणजे ते पान कुणाच्या हातात आहे, हे समोरच्याला पाठीवरून सरळ दिसायचं. आणि पान कुठलं, तर दश्शी! मी म्हटलं, "अहो, नवा जोड आणा की." तर हे म्हणाले, "मग माझी मेहनत फुकट जायची. त्यापेक्षा आपण असं करू, दिसली तरी बघायची नाही." वहिनी म्हणाल्या, "ठरलं." आणि खरंच, ती सोंड दिसते म्हणून आमच्यापैकी कुणी कधी डाव फिरवला नाही. एकमेकांवर एवढा भरवसा आम्ही व्यवहारातसुद्धा कधी टाकला नसेल.

२००५ च्या सुमारास भारनियमनाचे दिवस आले, तेव्हा तर आमच्या पडवीत कंदिलाभोवती अर्धी गल्ली जमायची. दिवे गेले म्हणून लोक सरकारला शिव्या देत यायचे आणि दिवे आले की "आत्ताच कुठे रंग भरला होता" म्हणून पुन्हा सरकारलाच शिव्या देत जायचे.

२०२२ च्या आषाढात हे गेले.

पुढच्या काही शनिवारी भाऊजी-वहिनी आले. चहा झाला, पावसाबद्दल बोलणं झालं, गुडघ्यांबद्दल बोलणं झालं. चौघांच्या डावातली एक जागा रिकामी असली, की उरलेल्या तिघांना आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. डब्याचं नाव कुणी काढलं नाही. मग कधी त्यांना बरं नव्हतं, कधी मला लेकाकडे पुण्याला जायचं होतं. शनिवार गळाला तो गळालाच. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. हे नुसतंच विरत गेलं. भिंतीला भिंत लागून घर, पण दोन-दोन आठवडे "कसं काय?" च्या पलीकडे शब्द जात नसे.

वाचकहो, रडगाणं गायला मी लेखणी घेतलेली नाही. दिवाळीच्या अंकात तसं करूही नये. मला सांगायचं आहे ते २०२४ च्या दिवाळीचं.

त्या वर्षी पाडवा नेमका शनिवारी आला. २ नोव्हेंबर. मुलगा, सून, अकरा वर्षांचा नातू, आठ वर्षांची नात असे सगळे पुण्याहून आले होते. पाडव्याला घरोघरी बायका नवऱ्याला ओवाळतात. सुनेनं मुलाला ओवाळलं. मी मात्र स्वयंपाकघरात उगीचच चकल्यांचा डबा पुसत उभी राहिले. बाहेर नातू एका कोपऱ्यात मोबाइलवर, नात दुसऱ्या कोपऱ्यात आईच्या मोबाइलवर, मुलगा तिसऱ्यात. घर माणसांनी भरलं होतं आणि तरी आवाज म्हणून नव्हता.

एवढ्यात कोपऱ्यावरच्या डीपीत फट् झालं आणि अख्खी आळी अंधारात गेली.

अर्ध्या तासात मोबाइलांनीही माना टाकल्या. मुलं आधी चिडली, मग कंटाळली, मग घर धुंडाळायला लागली. आणि नातू पणतीच्या उजेडात तो डबा घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "आजी, यात काय आहे?"

माझ्या पोटात एकदम कालवलं. पण पोरापुढे काय बोलणार? म्हटलं, "आण इकडे."

मेंडीकोट मी मुद्दामच काढला नाही. म्हटलं, बदामसत्ती खेळू. घरात लहानमोठी कितीही माणसं असोत, पहिला डाव बदामसत्तीचाच मांडावा. सगळी पानं वाटून टाकायची. बदामाची सत्ती ज्याच्याकडे असेल त्यानं ती उतरायची. मग पाळीपाळीनं वर अठ्ठीपासून राजापर्यंत आणि खाली छक्कीपासून एक्क्यापर्यंत पानं लावत जायची. बाकीचे रंगही आपापल्या सत्तीनं उघडायचे. लावता येण्याजोगं पान असेल तर लावलंच पाहिजे, नसेल तर 'पास'. ज्याची पानं आधी संपतील तो जिंकला. नियम दोन मिनिटांत कळतात. पण आपली छक्की दाबून ठेवून दुसऱ्याची पंजी कशी कुजवावी, ही विद्या जन्मभर पुरते. आठ वर्षांच्या नातीला ती पाचच मिनिटांत अवगत झाली! इस्पिकची अठ्ठी तिनं एवढी वेळ अडवून ठेवली, की तिच्या बापाच्या हातात इस्पिकचा राजा, राणी, गुलाम तिघंही वाट बघत बसले. "बाबा, पास म्हण ना," असं ती इतक्या गोड आवाजात म्हणाली, की कधी न हसणारी माझी सूनसुद्धा खळाळून हसली.

मग कागद-पेन्सिली घेऊन नाव-गाव-फळ-फूल झालं. एक अक्षर काढायचं आणि चारी रकाने भरायचे. ज्याचा शब्द दुसऱ्या कुणाचा नाही त्याला दहा गुण, जुळला तर पाच. 'क' आला. नातवानं फळ म्हणून 'किवी' लिहिलं, ते मान्य करावं की नाही यावर अर्धा तास वाद. मी फूल लिहिलं 'कण्हेर'. नात म्हणाली, "असं फूलच नसतं!" तेव्हा सगळा मोर्चा मेणबत्ती घेऊन परसात गेला आणि कण्हेरीला प्रत्यक्ष भेटून आला. 'प'ला पाटण, पपनस आणि पारिजातक हेही तिनं पाठ करून टाकले. शाळेत निसर्ग शिकवताना जे मला छत्तीस वर्षांत इतक्या सहज जमलं नव्हतं, ते एका अंधाऱ्या रात्री जमलं.

मुलांना मी सांगितलं, की आजच्या दिवसाला द्यूतप्रतिपदा असंही नाव आहे. या दिवशी शंकर-पार्वती सोंगट्या खेळले आणि पार्वतीनं शंकराला हरवलं, अशी कथा आहे. कोजागरीच्या जागरणातही अक्षक्रीडा सांगितली आहेच. म्हणजे घरात खेळायला आपल्या शास्त्राची ना नाही. ना आहे ती पैसे लावायला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं एक सूक्त आहे. बेहड्याच्या बियांचे ते फासे आणि त्यांपायी धुळीला मिळालेलं त्याचं घर. हजारो वर्षांपूर्वीचा तो जुगारी आजही ओळखीचा वाटतो. म्हणून आमच्या घरात पणाला लागतात ते शेंगदाणे, आणि तेही खेळ संपेपर्यंत कुणी उरू देत नाही.

नातवाला वाटत होतं, लुडो मोबाइलमध्ये जन्माला आला. त्याला सांगितलं, की बाबा, ही आपली पच्चीशी. कवड्या टाकून चार हातांच्या पटावर खेळायची. अकबर बादशहाच्या फत्तेपूर सिक्रीत तर अंगणाच्या फरशीवरच तिचा पट आखलेला आहे. तिचंच सोपं रूप इंग्रजांनी १८९६ साली 'लुडो' या नावानं पेटंट करून घेतलं आणि परत आपल्यालाच विकलं. सापशिडीही आपल्याच मोक्षपटावरून तिकडे गेली. आपल्या पटावर शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे होते. पत्ते मात्र आपल्याकडे बाहेरून आले. बाबरानं १५२७ साली सिंधमधल्या आपल्या एका स्नेह्याला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पण आपण त्यांनाही आपलंसं केलं. सावंतवाडीला चितारी लोक हातानं रंगवून लाखेचं पाणी देतात ती गंजिफा गोल असते. दशावतारी गंजिफेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं, एकूण एकशेवीस. एवढी पानं हातात धरताना आपल्या पूर्वजांची बोटं किती लांब असतील, असा नातवाला प्रश्न पडला.

आणि भाषा तर बघा! हुकमाचा एक्का, पत्ता कट, रडीचा डाव, शह, प्यादं, डाव उधळला. आपण दिवसभर तोंडानं खेळतच असतो. फक्त पान हातात नसतं.

नऊच्या सुमाराला दारात कडी वाजली. भाऊजी आणि वहिनी. हातात मेणबत्ती. "तुमच्याकडून हसण्याचा आवाज आला," भाऊजी म्हणाले आणि उंबऱ्यातच घुटमळले. पाडव्याच्या दिवशी माझ्याकडे यावं की येऊ नये, असा त्यांना संकोच पडला असावा. मी काही बोलायच्या आत नातू ओरडला, "आजोबा, तुम्हाला मेंडीकोट येतो का? बाबा म्हणतात, आजी त्यात एक्सपर्ट आहे!"

क्षणभर आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो. मग वहिनींनी पदर खोचला आणि सतरंजीवर आपल्या नेहमीच्या जागी बसकण मारली. भाऊजी त्यांच्यासमोर. मी माझ्या जागी. आणि माझ्यासमोर, ह्यांच्या जागेवर, नातू.

दोन डाव त्याला समजण्यात गेले. तिसऱ्या डावाला पानं वाटता वाटता तो थबकला. "आजी, हे एक पान वेगळं आहे. पाठीवरून ओळखू येतं!"

"येतं ना," वहिनी म्हणाल्या. "पण ओळखायचं नसतं. तुझ्या आजोबांनी ठरवून दिलंय."

"मग कळणार कसं, की कुणी ओळखलं नाही?"

"कळत नाही," भाऊजी म्हणाले. "विश्वास ठेवायचा."

पोरगं गप्प झालं आणि खेळू लागलं. डाव रंगला. त्यांच्या दोन दश्श्या झाल्या, आमची एक. प्रत्येकाच्या हातात तीन-तीन पानं उरली आणि उतारी नातवाची. किलवरची दश्शी अजून बाहेर आलेली नव्हती. ती कुठे आहे हे सांगायला नकोच. नातवाच्या शेजारी बसलेल्या भाऊजींच्या हातातून गणपतीची सोंड डोकावत होती. नातवाकडे किलवरचा एक्का होता, हे मला मागाहून कळलं. तो त्यानं उतरला असता तर वहिनींना आणि भाऊजींना दोघांनाही किलवरच टाकावं लागलं असतं आणि दश्शी आमच्या पदरात पडली असती. त्यानं खाली मान घालून थोडा विचार केला आणि बदामाचा राजा उतरला. वहिनींकडे बदाम नव्हतं. त्यांनी हुकूम मारला. माझ्याकडून काही होण्यासारखं नव्हतं. भाऊजींकडेही बदाम नव्हतं. त्यांनी शांतपणे किलवरची दश्शी वहिनींच्या हातावर सोडून दिली. तिसरी दश्शी! आम्ही हरलो.

पानं उलटल्यावर मुलगा म्हणाला, "अरे, एक्का होता ना तुझ्याकडे! मग?"

नातू म्हणाला, "ती आजोबांकडे आहे हे मला दिसलं होतं. पण ते धरायचं नव्हतं ना? नसतं दिसलं, तर मी राजाच उतरला असता."

भाऊजींनी चष्मा काढून पुसला. मेणबत्तीचा धूर फार झाला, असं काहीतरी म्हणाले. मी चहा टाकायला उठले. आत जाऊन मी काय केलं ते लिहीत नाही. पण चहा फार वेळानं झाला. हरलेल्या डावाचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

दिवे साडेदहाला आले. कुणीतरी उठून बटण बंद केलं.

मुलं गेली. पुढचा शनिवार आला. रात्री आठला भाऊजी-वहिनी दारात हजर. बसलो. पुन्हा तिघंच. पुन्हा तीच शांतता यायच्या बेतात होती, पण भाऊजींनी घसा साफ केला आणि म्हणाले, "वहिनी, पाच-तीन-दोन तिघांचाच असतो."

खरंच की! तिघांचा डाव. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंत चारी रंगांची पानं, आणि वर इस्पिक-बदामाच्या दोन सत्त्या अशी तीस पानं, प्रत्येकाला दहा. पहिली पाच पानं बघून एकानं हुकूम बोलायचा आणि पाच हात करायचे, दुसऱ्यानं तीन, वाटणाऱ्यानं दोन. ज्याचे कमी पडले तो देणेकरी. पुढच्या डावात ज्याचे जास्त झाले त्यानं देणेकऱ्याचं एक पान न बघता ओढायचं आणि आपल्याला नकोसं त्याच्या गळ्यात मारायचं. लहानपणापासून खेळत आलेला डाव. पण दोन वर्षं आम्हां तिघांपैकी एकालाही तो सुचला नव्हता. की सुचला होता, आणि सुचलं असं म्हणायचा धीर झाला नव्हता? तिघांचा डाव मांडणं म्हणजे चौथा नाही हे कबूल करणं. त्या शनिवारी आम्ही ते कबूल केलं आणि रात्री अकरापर्यंत खेळलो.

चौथा भिडू पुढे महिन्याभरात आला, नव्हे आली. आमच्या खालच्या खोलीत लातूरकडची एक मुलगी भाड्यानं राहते. दवाखान्यात नर्स आहे. एका शनिवारी पाण्याच्या मोटारीचं विचारायला वर आली, ती पानं बघून उंबऱ्यातच थांबली. "आमच्याकडे हुकूम झाकून ठेवतात," म्हणाली. "ये, बस. तुझ्या पद्धतीनं खेळू," वहिनी म्हणाल्या. आता तिची रात्रपाळी नसेल त्या शनिवारी मेंडीकोट, आणि असेल त्या शनिवारी पाच-तीन-दोन. किलवरच्या दश्शीचा कायदा तिलाही सांगून झाला आहे.

आता जाता जाता, तुमच्या घरी डाव मांडणार असाल तर आमचे चार नियम सांगते. पैसे लावायचे नाहीत. लहान मूल असेल तर त्याला घरातल्या सर्वांत मुरलेल्या खेळाडूचा भिडू करायचं. मुद्दाम हरून जिंकवायचं मात्र नाही, मुलांना ते ताबडतोब कळतं. डाव संपल्यावर भिडूला "तू ते पान का टाकलंस?" असं एकदाच विचारायचं, दुसऱ्यांदा नाही; संसारही याच नियमावर चालतात. आणि मोबाइल सगळ्यांचे त्या बिस्किटाच्या डब्यात. पत्ते बाहेर काढले की डबा रिकामाच असतो.

फार काही लागत नाही हो. एक सतरंजी, बावन्न पानं, आणि कुणाला तरी "या, बसा" म्हणण्याची हिंमत. तुमच्या शेजारच्या घरात कुणी एकटं चकल्यांचा डबा पुसत उभं असेल, तर या पाडव्याला त्यांची कडी वाजवा. चौघं जमले तर मेंडीकोट आहे. तिघं जमले, तरी डाव अडत नाही.